सोवळ्यांतून पवित्रतेकडे : पंडिता रमाबाईंचें चरित्र

बाप्तिस्मा घेतल्यावरही पाप कां सुटत नाहीं, हा प्रश्न आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत पुष्कळदां निघतो. कोणी तो उघड विचारतो, कोणी मनांतल्या मनांत कुढतो. एखादा बंधु दोन वर्षें नेमानें उपासनेस येतो आणि पोळ्याच्या दिवशीं जुन्या सोबत्यांबरोबर दारू पिऊन पडतो. मग लाजेमुळें तो मंडळीकडे फिरकत नाहीं. एखादी बहीण जावेशीं धरलेला अबोला प्रभुभोजनाच्या दिवशींही सोडीत नाहीं. उलट असेही कित्येक आहेत कीं, पाणी डोक्यावर पडलें, नांव मंडळीच्या वहींत चढलें, आतां करावयाचें कांहीं उरलें नाहीं, असें समजून ते स्वस्थ बसतात. या दोन्ही प्रकारच्या माणसांनीं पंडिता रमाबाईंचें चरित्र ऐकावें असें आम्हांस वाटतें. त्यांची विद्वत्ता व त्यांचें केडगांवचें काम हीं सर्वांस ठाऊक आहेत. परंतु बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षें त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती, आणि त्यानंतरही देव त्यांना एकेक पायरी पुढें नेत होता, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाहीं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्र जाणणारे ब्राह्मण व मोठे निश्चयी गृहस्थ होते. त्यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविलें. स्त्रीनें देवभाषा शिकणें त्या काळीं शिष्टांस मान्य नव्हतें. म्हणून लोकांपासून दूर रानांत त्यांनीं घर बांधलें होतें. रमा सहा महिन्यांची झाली तेव्हां हें कुटुंब तीर्थयात्रेस निघालें. वेताच्या पेटाऱ्यांत घालून गड्याच्या डोक्यावरून त्या लेकराला नेलें, आणि तेव्हांपासून तिचें सगळें बाळपण वाटेवर गेलें. आई पहांटे अंधारांत तिला उठवी आणि मांडीवर घेऊन श्लोक म्हणवी. अशा रीतीनें भागवतासारखा मोठा ग्रंथ त्या मुलीला तोंडपाठ झाला.

हें घराणें पाप कशानें धुवीत असे, हें लक्षांत घेतलें पाहिजे. नद्यांचीं स्नानें, तीर्थांचीं दर्शनें, उपासतापास, देवळांत बसून पुराणें वाचणें, मिळालेल्या दक्षिणेंतून ब्राह्मणांस दानें देणें, आणि या सर्वांभोंवतीं सोवळ्याचें कुंपण. कोणाच्या हातचें खाऊं नये, कोणाची सावली पडूं देऊं नये, हलकें काम करूं नये. तीं माणसें ढोंगी नव्हतीं. अनंतशास्त्र्यांएवढ्या मनःपूर्वक देवाला शोधणारा मनुष्य आपल्या मंडळ्यांत किती सांपडेल, याची आम्हांस शंका आहे. पण १८७४ ते १८७७ च्या दरम्यान मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला, तेव्हां गांठचें सर्व द्रव्य दानधर्मांत संपून गेलें होतें. मोलमजुरी करावयाची तर कुळाचा अभिमान आड येई, आणि पोट भरण्याचा दुसरा कोणताही धंदा कोणाला शिकविलेला नव्हता. रानांतील पाला खाऊन त्यांनीं दिवस काढले. शेवटीं वडिलांनीं पवित्र तळ्यांत देह सोडण्याचा निश्चय केला. तेव्हां मुलगा श्रीनिवास पुढें झाला, आणि आपण जातीचा अभिमान सोडून मजुरी करूं म्हणून त्यानें त्यांना थांबविलें. उशीर झाला होता. आधीं वडील, मग आई, मग वडील बहीण, अशीं तिघें थोड्या महिन्यांच्या अंतरानें उपासमारीनें गेलीं.

उरलेलीं बहीणभावंडें पायीं हिंदुस्थानभर फिरलीं. झेलम नदीच्या कांठीं थंडींत अंगावर पांघरूण नव्हतें, तेव्हां वाळूंत खड्डे करून त्यांत तीं निजलीं व कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली. सर्व व्रतें यथासांग करूनही देव बोलेना, असें पाहून त्यांचा जुन्या विधींवरील विश्वास हळूहळू ढळला. १८७८ सालीं तीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. वीस वर्षांच्या मुलीला इतका मान! त्याच शहरीं तीं दोघें प्रथमच ख्रिस्ती लोकांच्या एका मेळ्यास गेलीं. ते लोक खुर्च्यांपुढें गुडघे टेकून प्रार्थना करूं लागले, तेव्हां हे लोक खुर्चीची पूजा करितात असें त्या पंडितेस वाटलें. आपल्या उपासनेंत नवखा मनुष्य येऊन बसतो तेव्हां त्याला काय दिसत असेल, याचा उपदेशकांनीं कधीं कधीं विचार करावा.

१८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं लग्न केलें. तो ब्राह्मण नव्हता. जातीचें कुंपण त्यांनीं पहिल्यानें तेथें ओलांडलें. एप्रिल १८८१ मध्यें मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्यें नवरा पटकीनें गेला. सिलचर येथें त्याच्याच पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत रमाबाईंस मिळाली होती. तें वाचून त्यांचें मन ओढलें गेलें. कडेवर मूल घेऊन ही तरुण विधवा पुण्यास आली, तिनें तेथें आर्य महिला समाज स्थापिला, आणि १८८३ सालीं विद्येसाठीं ती विलायतेस गेली.

वाँटेज येथील धर्मभगिनींनीं तिला आश्रय दिला. लंडनजवळ फुलहॅम येथें या भगिनींचें एक घर होतें. वाईट मार्गास लागलेल्या स्त्रियांस तेथें ठेवून घेत, त्यांची शुश्रूषा करीत, आणि त्यांना पुन्हां माणसांत आणीत. रमाबाईंनीं तें घर पाहिलें व त्या चकित झाल्या. आपल्या शास्त्रांत अशा स्त्रीला दंड सांगितलेला त्यांनीं वाचला होता. तिची कींव करून तिला जवळ घ्यावें, असें करणारे लोक त्यांनीं पूर्वीं पाहिले नव्हते. हें तुम्ही कशासाठीं करितां, असें त्यांनीं विचारलें असतां एका भगिनीनें योहानाच्या शुभवर्तमानांतील शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना वाचून दाखविली. विहिरीपाशीं थकून बसलेला प्रभु परजातीच्या, बदनाम झालेल्या बाईजवळ पाणी मागतो. सोवळें माणसाला दूर ठेवतें; ही पवित्रता तर जवळ येऊन बसली होती! ता. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं रमाबाईंनीं मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

येथेंच चरित्र संपवावें असें पुष्कळांस वाटतें. पण खरी झुंज यापुढची आहे. रमाबाई ख्रिस्ती झाल्या तरी त्यांची मान सहज वांकणारी नव्हती. त्यांनीं मांसाहार केला नाहीं. अंडीं घातलेलें पक्वान्नही त्यांना नको असे. त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डीन हिला यांत जातीचा ताठा दिसे, आणि तसा थोडा अंश आपल्यांत असेल हें रमाबाईंनींही नाकारलें नाहीं. धर्माच्या गूढ सिद्धान्तांवर त्यांनीं पत्रांतून तिच्याशीं पुष्कळ वाद घातला. आमच्या मतें मांस न खाणें हें पाप नव्हे, आणि विचार करून मगच मानणें हेंही पाप नव्हे. परंतु पुढें रमाबाईंनींच आपल्या साक्षींत लिहून ठेवलें कीं, त्या काळीं आपल्याला ख्रिस्ती धर्म सांपडला होता, पण धर्माचें जीवन जो ख्रिस्त तो सांपडला नव्हता. बुद्धीला पटलें होतें. जिवाची तहान भागली नव्हती.

१८८६ सालीं त्या अमेरिकेस गेल्या, तेथें व्याख्यानें देऊन साहाय्य मिळविलें, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस उच्च जातीच्या विधवांसाठीं शारदा सदन उघडलें. पुढल्या वर्षीं तें पुण्यास नेलें. देशांत व परदेशांत नांव झालें. अशा भरभराटीच्या काळांत त्यांच्या मनावर पापाचें ओझें वाढत होतें. आपण चांगल्या होण्याचा निश्चय करितों, पश्चात्ताप करितों, प्रार्थना करितों, आणि मन पुन्हां होतें तसेंच राहतें, हें त्यांना दिसे. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम नांवाच्या इंग्रज पाळकाचें आत्मचरित्र त्यांच्या हातीं आलें. हा मनुष्य कित्येक वर्षें पाळक होता, पण त्याचें स्वतःचें मन पालटलें नव्हतें. १८५१ सालीं आपल्याच देवळांत उपदेश करीत असतां त्याचा पालट झाला. तें वाचून रमाबाईंस आपली स्थिति कळली. पाळकाला जर हें आवश्यक होतें, तर पंडितेला कां नसावें? ज्याअर्थीं आपल्या प्रयत्नांनीं आपण पवित्र होऊं शकत नाहीं, त्याअर्थीं जें ख्रिस्तानें केलें आहे त्यावरच सर्व भार टाकावा, असें त्यांनीं ठरविलें, आणि भार खरोखरच उतरला.

पाहा, बाप्तिस्म्यास आठ वर्षें झालीं होतीं. जो बंधु पोळ्याच्या दिवशीं पडला त्यानें हें मनांत धरावें. त्याला पुन्हां उठावयाचें आहे. पण मागच्याच बळावर उठूं पाहील तर पुन्हां पडेल. मंडळीनेंही त्याला दाराबाहेर ताटकळत ठेवूं नये.

मात्र भार उतरला म्हणजे जुना स्वभाव एका दिवसांत मेला असें नाहीं. आपल्या काळ्या जमिनींत कुंदा माजतो. एकदां खणून काढला तरी खोल मुळी राहते आणि पावसाबरोबर पुन्हां वर येते. शेतकरी पऱ्हाटीला एकदांच डवरा देऊन घरीं बसत नाहीं. रमाबाईंनाही असेंच दिसून आलें. पवित्र आत्म्यानें आपल्या अंतःकरणांत राहून तें चालवावें, यासाठीं त्या पुढें कित्येक वर्षें विशेष प्रार्थना करीत होत्या. लोणावळ्यास भरलेल्या एका ख्रिस्ती मेळ्यांत त्या आपल्या विश्वासी झालेल्या पंधरा मुली घेऊन गेल्या. या पंधरांची पंधरापट, म्हणजे दोनशें पंचवीस कर, असें त्यांनीं देवाजवळ मागितलें. हें मागणें कोणत्या वाटेनें पुरें होणार आहे याची त्यांना कल्पना नव्हती.

शारदा सदनाविषयीं थोडकें सांगूं. तेथें मुलींना आपापला जातिधर्म पाळण्याची मोकळीक होती. धर्मोपदेश सक्तीचा नव्हता. रमाबाई आपल्या खोलींत दार उघडें ठेवून मुलीबरोबर प्रार्थना करीत, आणि कांहीं विद्यार्थिनी आपण होऊन तेथें येऊन बसत. १८९३ सालीं यावरून पुण्यांत मोठी ओरड झाली, हिंदु सल्लागारांनीं संबंध तोडला, आणि पालकांनीं बऱ्याच मुली काढून नेल्या. रमाबाईंनीं दार लावून घेतलें नाहीं. मैत्रीही गेली आणि मानही गेला. मान जाणें हें त्यांच्यासारख्या अभिमानी जिवाला औषधच झालें असावें.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. आपला वर्धा जिल्हा त्या काळीं मध्यप्रांतांत होता. या प्रांतांत लोक भुकेनें मरत आहेत ही बातमी पुण्यास पोंचली, आणि रमाबाईंना आपले आईबाप व बहीण आठवलीं. वाळूच्या खड्ड्यांत निजणारी मुलगी त्यांच्यांत अजून जिवंत होती. जवळ पुरेसा पैसा नसतां त्या स्वतः मध्यप्रांतांत आल्या, दुष्काळी कामांवर व अन्नछत्रांतून फिरल्या, आणि जें पाहिलें त्यानें हादरून गेल्या. उपाशी पोरींना दोन घांसांचें आमिष दाखवून वाममार्गास लावणारे लोक तेथें टपलेले होते. १८९७ सालीं सुमारें तीनशें मुली व विधवा त्यांनीं तेथून आणविल्या.

या मुली कशा होत्या? हाडांचे सांपळे, अंगावर फोड, डोक्यांत उवा, लाज झांकण्यापुरतें वस्त्र नाहीं. भुकेनें त्या इतक्या रानटी झाल्या होत्या कीं हातांत पडेल तें लपवून ठेवीत, एकमेकींशीं भांडत, तोंडीं शिव्या असत. आणि त्या सर्व जातींच्या होत्या. जिच्या बापानें परक्याची सावली टाळली, जिनें उच्च जातीच्या विधवांसाठीं सोवळ्याचें स्वयंपाकघर असलेलें घर चालविलें, त्या पंडितेनें आतां कुणबी, महार, गोंड असा भेद न पाहतां या पोरींना जवळ घेतलें. त्यांना न्हाऊं घालावयाचें, त्यांचे फोड धुवावयाचे, त्यांच्या पंगतीला बसून जेवावयाचें. शारदा सदनांत शिकलेल्या मुलींनाही याच कामाला लावलें. त्या या पोरींच्या शिक्षिका व सांभाळणाऱ्या झाल्या. पुण्यांत प्लेगचा कहर होता, म्हणून या मुलींना केडगांव येथील शंभर एकरांच्या शेतावर नेलें, आणि २४ सप्टेंबर १८९८ रोजीं त्या वसाहतीच्या इमारतीचें समर्पण झालें. नांव ठेवलें मुक्ति. लोणावळ्यास मागितलेले दोनशें पंचवीस आत्मे त्यांना याच गर्दींतून मिळाले. तीनच वर्षांत दुसरा, अधिक कडक दुष्काळ पडला. गुजराथेंतून शेंकडों मुली आल्या, आणि १९०० च्या सुमारास मुक्तींत जवळजवळ दोन हजार माणसें झालीं. वाईट मार्गांतून सोडविलेल्या स्त्रियांसाठीं कृपा सदन निघालें. फुलहॅमला पाहिलेलें घर असें पंधरा वर्षांनीं पुणें जिल्ह्यांतील एका माळावर उभें राहिलें.

आमचें असें मत आहे कीं, रमाबाईंची पवित्रता वाढली ती प्रार्थनेच्या खोलींत जितकी, तितकीच या फोड धुण्याच्या कामांत. ज्याला आपलें पाप किती खोल आहे हें कळलें आहे, त्याला दुसऱ्याच्या घाणीची किळस वाटत नाहीं. वर्धा शहरांतील लक्ष्मीनारायणाचें मंदिर १९२८ सालीं सर्व जातींस खुलें झालें, आणि त्याची कीर्ति देशभर झाली. ख्रिस्ती मंडळींत मात्र आजही कोठें कोठें पूर्वीची जात पाहून सोयरीक ठरते, आणि कोणाच्या घरीं चहा घ्यावा व कोणाच्या घरीं घेऊं नये हें न बोलतां पाळलें जातें. हें पापच आहे, आणि दारूच्या पापाहून तें झांकायला सोपें आहे.

१८९८ सालीं रमाबाई विलायतेंत केसिक येथील मेळ्यास गेल्या. विश्वासी माणसानें पापावर जय मिळवून पवित्र जीवन कसें जगावें, याविषयीं तेथें दरवर्षीं शिक्षण देत असत. तेथें त्यांनीं हिंदुस्थानांतील ख्रिस्ती लोकांवर आत्म्याचा वर्षाव व्हावा म्हणून प्रार्थना करण्याची विनंती केली. पुढें १९०५ च्या जानेवारींत त्यांनीं मुक्तींतील सुमारें सत्तर स्त्रियांना घेऊन रोज यासाठीं प्रार्थना सुरू केली. जूनपर्यंत ही संख्या साडेपांचशेंवर गेली. ता. २९ जूनच्या पहांटे एका थोरल्या मुलीला आत्म्याचा असा स्पर्श झाला कीं, आग लागली असें समजून तिची सोबतीण पाण्याची बादली आणावयास धांवली. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं रमाबाई नेहमींप्रमाणें शांतपणें योहानाचा आठवा अध्याय समजावून देत होत्या. त्याच अध्यायांत सांगितलें आहे कीं पाप करणारा पापाचा दास आहे आणि पुत्र त्याला मोकळें करितो. ऐकतां ऐकतां मुली रडूं लागल्या, आणि आपलीं पापें उघड कबूल करूं लागल्या. बोलणें पुढें चालविणें रमाबाईंस अशक्य झालें. शाळा बंद पडल्या. कित्येक दिवस प्रार्थनेवांचून दुसरें काम नव्हतें.

अशा प्रसंगाविषयीं लोक नानाप्रकारें बोलतात, आणि मोठ्यानें रडणें म्हणजेच पवित्र होणें असा समज आपल्या कांहीं मंडळ्यांत आहे. तो चुकीचा आहे. रमाबाईंनीं त्या रडण्याला अडथळा केला नाहीं, पण तेथेंच त्या थांबल्याही नाहींत. रडून मोकळ्या झालेल्या मुलींना त्यांनीं कामास लावलें. सुमारें सातशें मुली पुढें आल्या, आणि त्यांच्यापैकीं साठ मुली रोज आळीपाळीनें आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगावयास जाऊं लागल्या. सात-आठ वर्षांपूर्वीं भाकरी चोरून लपविणाऱ्या पोरींपैकींच त्या होत्या.

रमाबाईंचीं शेवटचीं वर्षें शांत कष्टांत गेलीं. पांढरें लुगडें, आंखूड केस, साधें अन्न असें त्यांचें राहणें होतें. कान बहिरे होत चालले होते. खेड्यांतील अडाणी बाईलाही समजेल अशा मराठींत सबंध बायबल उतरावें, असें त्यांच्या मनानें घेतलें होतें. त्यासाठीं या संस्कृत पंडितेनें उतारवयांत इब्री व हेल्लेणी भाषा शिकून घेतल्या. जन्मभर मान मिळवून देणारे जड शब्द त्यांनीं बाजूला ठेविले आणि शेतांतले, चुलीपाशींचे शब्द निवडले. बाकीचीं सर्व बंधनें तुटल्यावरही विद्येचा अभिमान शेवटपर्यंत माणसाला चिकटून राहतो; तोही त्यांनीं त्या पानांवर उतरून ठेविला असें आम्हांस वाटतें. १९१९ सालीं सरकारनें त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिलें. त्यानें त्यांच्या दिनक्रमांत कांहीं फरक पडला नाहीं.

ता. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमा वारली. चाळीस वर्षांची ती एकुलती एक लेक मुक्तीचा सर्व भार उचलीत होती, आणि आईच्या मागें तीच काम चालवील असें सर्वांनीं धरलें होतें. रमाबाईंनीं बायबलाचीं मुद्रितें तपासण्याचें काम सोडलें नाहीं. तें आटोपल्यावर, ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं पहांटे, त्या झोंपेंतच प्रभूकडे गेल्या. त्यांचें मराठी बायबल १९२४ सालीं बाहेर पडलें; त्याचे खिळे जुळविणें, छापणें व पुस्तक बांधणें हें सारें मुक्तीच्या छापखान्यांतील स्त्रियांनीं केलें.